साठीनंतरची बाराखडी

निवृत्त माणसाची सकाळ आपोआप भरते. फिरणं, दूध, पेपर, पूजा, भाजी, पासबुक भरून आणणं. अकरा कधी वाजले कळत नाही. संध्याकाळी कट्टा असतो, नातवंडं असतात, नाहीतर टीव्ही असतोच. खरा प्रश्न दुपारी अडीच ते पाचचा. वामकुक्षी झालेली असते, चहाला अवकाश असतो आणि घरात कुणाचंच आपल्यावाचून अडलेलं नसतं. या वेळेसाठी लोक काय काय करून बघतात: सुडोकू, पेटी, कुंड्या, सोसायटीचं राजकारण. अलीकडे बऱ्याच ज्येष्ठांनी मोडी लिपी धरली आहे, आणि मला तरी या सगळ्यांत तोच उद्योग शहाणपणाचा वाटतो. कारण त्यात रोज थोडं थोडं हरायला मिळतं.

भीती वाटते ती पहिल्या कागदाची. पानभर नुसता गुंता दिसतो. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्ह नाही, ओळ संपली की शब्द मध्येच तुटून खाली उतरतो. ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नाहीत (शुद्धलेखनात जन्मभर मार खाल्लेल्यांना हा केवढा दिलासा!), अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. पण आतली भाषा आपलीच आहे. परंपरा या लिपीचं श्रेय यादवांच्या हेमाडपंताला देते. ते खरं असो वा नसो, सरकारी दफ्तरं, सावकाराच्या वह्या आणि घरची पत्रं विसाव्या शतकापर्यंत मोडीत लिहिली जात होती. विसाव्या शतकाच्या मध्यावर ती शाळेतून गेली. त्यामुळे आज सत्तरीत असलेल्या अनेकांची अवस्था अशी, की वडिलांच्या हातचा हिशेब ट्रंकेत आहे आणि तो वाचता येत नाही.

वाचायला शिकायचं असेल तर आधी लिहायला शिकावं, ही गोष्ट बरेच जण टाळतात आणि तिथेच फसतात. तक्ता समोर धरून अक्षर ओळखणं दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी पुसलं जातं. हाताने गिरवलेलं टिकतं. साधी रेघांची वही घ्यावी आणि एक ओळ लिहून दोन ओळी सोडाव्यात. बालबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, लिहिताना आपण आधी अक्षरं काढतो आणि मग वर रेघ ओढतो, मोडीत उलटं. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ, मग तिला अक्षरं टांगायची, शक्यतो हात न उचलता. बालबोधीत वरून खाली येणारा काना इथे अक्षराच्या बुडातून वळून वर रेघेपर्यंत जातो. हा एक काना हातात बसला की निम्मी मोडी बसली असं समजावं, कारण पन्नास वर्षांची सवय नेमकी तिथेच आडवी येते. पेन उचललं जातं, काना वरून खाली ओढला जातो, आणि मग कागदावरचा काना डोळ्यालाही ओळखू येत नाही.

दिवसाला चार अक्षरं, प्रत्येकाची पूर्ण बाराखडी, एवढं पुरे. जास्त घेतलं तर आठवड्याने सगळी अक्षरं एकमेकांत मिसळतात. आणि फार सावकाश लिहू नये. मोडीची वळणं वेगातून आलेली आहेत. सुलेखनाच्या स्पर्धेसारखी कोरून काढली की ती मोडतात. हाताला थरथर असेल तर बारीक जेल पेन नको, जाड टोकाचं घ्यावं आणि मनगट टेबलावर टेकवावं. बोरूचा, म्हणजे तासलेल्या वेताच्या लेखणीचा, हट्ट सुरुवातीला तरी धरू नये. बोरू तासण्यातच दुपार जाते.

बाराखडी झाली की लोक थेट शिवकालीन पत्रावर उडी घेतात. हौस कळते, पण आठ दिवसांत वही माळ्यावर जाते. त्यापेक्षा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, स्टॅम्पवरचं खरेदीखत घ्यावं. त्यातली वाक्यं ठरलेली असतात, आणि ठरलेली वाक्यं हाच नवशिक्याचा आधार. सुरुवातीला सन, माहे, वार. पुढे लिहून घेणार आणि लिहून देणार. ‘कारणे खरेदीखत लिहून दिले ऐसेजे’ हे कुठेतरी येणारच. जमिनीचं वर्णन आलं की चतुःसीमा: पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस, उत्तरेस. हे चार शब्द शोधून काढले की त्या कारकुनाच्या हातचा प, व, श, स, द, त, र एकदम हाती लागतो. ‘मौजे’ दिसलं की पुढे गावाचं नाव, ‘बिन’ दिसलं की पुढे बापाचं. शेवटी साक्षीदार. ज्यांना सही येत नसे त्यांच्या नावापुढे ‘निशाणी नांगर’, बाईमाणूस असेल तर ‘निशाणी बांगडी’. पहिल्यांदा कुणाच्याही मदतीशिवाय ‘निशाणी नांगर’ लागतं ना, त्या दुपारचा चहा अर्धा तास आधीच होतो.

मग पाचव्या ओळीवर गाडी अडते.

अडण्याची कारणं ठरलेली आहेत. घाईच्या हातात ब आणि व एकसारखे दिसतात. र आधीच्या अक्षराला बिलगून रूप बदलतो. शब्द कुठे तोडायचा ते कळत नाही, आणि एका जागी चुकीचा तोडला की पुढची अख्खी ओळ परभाषेतली वाटू लागते. पण सगळ्यांत मोठं कारण डोळ्यांत नसतं, मनात असतं. आपल्याला जे हवं ते मन वाचून मोकळं होतं. आडनावाची दोन अक्षरं जुळली की तिसरं आपण स्वतःच घालतो आणि पणजोबांना वतनदार करून टाकतो. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच एक आहे. अर्थ लावत बसायचं नाही; अक्षरामागून अक्षर बालबोधीत उतरवायचं. न लागलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी एक टिंब. दोन अक्षरं अडली तर दोन टिंबं. शंका असेल तिथे कंसात प्रश्नचिन्ह. मग त्याच कागदात, त्याच हातचं तसलंच अक्षर दुसरीकडे कुठे आहे ते शोधायचं. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक कारकुनाचा वेगळा तक्ता करत जावा, कारण छापील तक्त्यासारखं कुणीच लिहीत नाही. तरीही नाही लागलं तर वही मिटावी. अंधारलेल्या खोलीत शिरल्यावर जसं हळूहळू दिसू लागतं, तसं दोन-तीन दिवसांनी त्याच टिंबांत आपसूक अक्षरं दिसायला लागतात.

उतारवयात पदरी पडणाऱ्या बहुतेक माघारी कायमच्या असतात. झिजलेला गुडघा परत भरत नाही, गेलेला मित्र येत नाही. गुरुवारी हरून मंगळवारी फिटणारी हार या वयात कुठे मिळते?

अक्षरं लागू लागली की पुढचं कोडं तारखेचं, आणि मला विचाराल तर खरी मौज तिथेच आहे. पेशवाईतल्या कागदांवर शक असेल तर सोपं: त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाचे शेवटचे तीन-एक महिने असतील तर ७९. पण बरेचदा असतो सुहूर सन, म्हणजे जुन्या दफ्तरांतली एक वेगळी वर्षगणना, तोही आकड्यात नव्हे, अरबी शब्दांत. इहिदे एक, इसन्ने दोन, सलास तीन, अर्बा चार, खमस पाच, सित सहा, सबा सात, समान आठ, तिसा नऊ. दशकं अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभर म्हणजे मया, दोनशे मयातैन, हजार अलफ. आधी एकं, मग दहं, मग शेकडा. ‘सन इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर, हजार: ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रावर, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, सुरू होतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे १७६०-६१. कागद जानेवारीचा निघाला तर १७६१, पानिपतचा महिना! फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, असेल तर ५९० मिळवायचे, जानेवारीनंतर ५९१. महिना आणि तिथी बहुधा हिजरी: ‘छ १२ रबिलावल’ यातला छ म्हणजे चंद्र, चांद्र महिन्याचा बारावा दिवस. हे शब्द पाठ करायला मात्र जुनीच पद्धत लागते, मोठ्याने म्हणायची. घरचे आतल्या खोलीतून डोकावतात, पण त्याला इलाज नाही.

हिशेबाचे कागद त्यामानाने सरळ. आकड्यापुढे एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. रुपयात पाव म्हणजे चार आणे. आणे आडव्या रेघांनी. धान्य असेल तर बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. पण मापं प्रदेशागणिक बदलतात, तेव्हा बेरीज जुळली नाही तर आधी मापावर संशय घ्यावा, मग स्वतःवर.

शरीर या कामात कुरकुरतं, हे सांगितलंच पाहिजे. मान सर्वांत आधी. कागद टेबलावर सपाट ठेवून वाकू नये. पोथीच्या व्यासपीठासारखा उतरता पाट करून त्यावर ठेवावा. दिवा डाव्या बाजूने. भिंग दुप्पट-तिप्पट मोठं दाखवणारं बस्स. त्याहून मोठं घेतलं तर एकच अक्षर दिसतं आणि ओळ हरवते, आणि मोडीत अक्षरापेक्षा ओळ महत्त्वाची. त्यापेक्षा फोटो काढून टॅबवर वाचावं. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद. पिवळट कागदावर फिकी शाई असेल तर चित्र काळं-पांढरं करून कॉन्ट्रास्ट वाढवावा. मोतिबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांनी नवा नंबर देईपर्यंत वाचन बंद. जुन्या चष्म्याने रेटलं तर डोकं दुखतं आणि दोष लिपीवर येतो. चाळीस मिनिटांनी उठायचं, मग ‘आता एवढी ओळच’ असं मनात कितीही आलं तरी. महिनाभर खंड पडला तर अर्धी बाराखडी गेल्यासारखी वाटते. ती गेलेली नसते. चार दिवस गिरवलं की परत येते, आणि पहिल्या वेळेपेक्षा खूप लवकर.

वयाची सबब पुढे करणाऱ्यांनी इतिहासकार ‘रियासतकार’ गोविंद सखाराम सरदेसाई आठवावेत. जन्म १८६५. बडोद्याची नोकरी १९२५मध्ये संपली, म्हणजे साठी झालेली. पासष्टीच्या आसपास पुण्याच्या पेशवे दफ्तरातले मोडी रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडायला बसले आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड छापून बाहेर पडले. त्यांच्यामागे आधीची चाळीस वर्षांची तपश्चर्या होती हे खरं, आणि ‘रियासतकार बघा’ म्हणून कुणाला टोचून बोलणं मलाही पटत नाही. पण रुमालाची गाठ सोडायला पासष्ट हे वय जास्त नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. ती दफ्तरं अजून संपलेली नाहीत. पुण्याचं पुराभिलेखागार, राजवाडे-मेहेंदळे यांनी १९१०मध्ये काढलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे मंडळ, थेट तंजावरचं सरस्वती महाल ग्रंथालय, सगळीकडे मोडी कागद वाचकाची वाट बघत आहेत. पुराभिलेख खातं आणि भारत इतिहास संशोधक मंडळ अल्प मुदतीचे मोडीचे वर्गही घेतात. त्यात विशी आणि सत्तरी एकाच बाकावर बसते, आणि विशीतल्यांना अर्थ लागत नाही तिथे सत्तरीतल्यांना लागतो, कारण ‘पायली’, ‘कुळव’, ‘बलुतं’ हे शब्द त्यांनी कानांनी ऐकलेले असतात.

खरी परीक्षा मात्र वर्गात होत नाही. ‘यांना मोडी येते’ हे एकदा सोसायटीत कळलं की माणसं कागद घेऊन येतात. २०२३मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा गावोगावची जुनी दफ्तरं निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. अशा वेळी पहिल्याच भेटीत सांगून टाकावं, की आपलं वाचन घरापुरतं. सरकारी कामाला किंवा कोर्टाला अधिकृत वाचकाचं लिप्यंतर लागतं. आलेल्या माणसाच्या मनात बहुधा इनाम असतं, निदान गढी तरी. कागद निघतो कर्जरोख्याचा: पणजोबांनी बैल गहाण टाकून घेतलेले चाळीस रुपये, व्याज दरमहा, साक्षीला शेजारचे दोघे. तोंड पडलेलं दिसतं. तेव्हा गोड करून सांगू नये आणि घाईही करू नये. आधी पणजोबांचं नाव असलेली ओळ वाचून दाखवावी, बोट ठेवून, एकेक अक्षर. नाव ऐकून माणूस थोडा सरसावून बसतो. मग बैल सांगावेत.

मूळ कागद आपल्याकडे ठेवून घेऊ नये. घड्या हळूहळू उघडून फोटो घ्यावा आणि त्याच वेळी परत द्यावा. लॅमिनेशन, सेलोटेप आणि इस्त्री, या तिन्हींना हात लावायचा नाही हेही बजावावं, कारण तीन पिढ्या टिकलेले कागद प्रेमापोटी नासतात ते यांनीच. लिप्यंतर स्वच्छ अक्षरात, टिंबं आणि प्रश्नचिन्हं न लपवता, खाली तारीख घालून द्यावं. माणूस आठ दिवसांनी ते न्यायला येतो, आणि येताना माळ्यावरची आणखी एक पिशवी घेऊन येतो.