पांढऱ्या झोतातला काळा ठिपका

पेशंट 19 वर्षांचा. हाताचं वरचं बीपी 165, पायाचं 120, जांघेतली नाडी जेमतेम लागणारी. डाव्या हाताची धमनी सुटते तिथून जरा पुढे महाधमनी आवळलेली, म्हणजे कोआर्क्टेशन. ते इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, कळलंच होतं. एमआरआयने सांगायचं होतं ते एवढंच : त्या चिमट्यातून रक्त किती वेगाने जातं, आणि चिमटा टाळून किती जातं.

आत सरकवताच ईसीजीवर ठोके 132, बोटावरच्या प्रोबवर 66. बरोब्बर दुप्पट, म्हणजे पोरगं घाबरलेलं नाही. चुंबकात महाधमनीतलं वाहतं रक्तच वीज निर्माण करतं, ईसीजीत ठोक्यामागून येणारी टी लहर फुगते आणि मशीन तिलाही आर, म्हणजे ठोक्याचं उंच टोक, समजून मोजतं. इलेक्ट्रोड सरकवून जवळजवळ लावले, आकडा 66 वर आला.

फेज काँट्रास्टमध्ये, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या स्कॅनमध्ये, वेग एमआरआय सिग्नलच्या फेजच्या कोनावरून काढतात. 180 अंश म्हणजे किती वेग, तो आकडा, व्हेंक, आधीच द्यावा लागतो. निरोगी महाधमनीला सेकंदाला 150 सेंमी पुरतं. इथे मी 250 दिला. स्लाइस, म्हणजे चित्राचा काप, 6 मिमी जाड, झोताला काटकोनात, श्वास 15 सेकंद रोखलेला. चित्र आलं : पांढरा झोत, मधोमध काळा ठिपका. कर्सर नेला तर वेग उणे 180 सेंमी. रक्त उलटं फिरलेलं नव्हतं, वेग 250 ओलांडून दुसऱ्या टोकाने आत शिरला होता. व्हेंकची दुप्पट, 500, मिळवली की 320. ही बेरीज सॉफ्टवेअरही करतं, पण झोताच्या कडेच्या पिक्सेलमध्ये ती फसते, म्हणून मी पुन्हा स्कॅन करतो. थेट 500 व्हेंक मात्र नको. व्हेंक वाढेल तसा वेगातला गोंगाट वाढतो. 350 वर चित्र स्वच्छ, वेग 3.2 मीटर. वर्ग करून चौपट केली की चिमट्याच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक मिळतो : 41 मिमी पारा, हाता-पायांतल्या फरकाच्या जवळपास.

आता वळसा, म्हणजे चिमटा टाळून जाणारं रक्त. चिमट्याखाली, झोत निवळल्यावर, ठोक्याला 38 मिली, श्वासपटलापाशी 52. एरवी वाटेत बरगड्यांना रक्त जातं, त्यामुळे खालचा आकडा थोडा कमीच हवा. इथे 14 मिली जादा, बरगड्यांच्या धमन्यांतून उलटं येऊन मिळालेलं.

पण 14 हा आकडा नाजूक. पार्श्वभूमीच्या फेजमध्ये, म्हणजे स्थिर जागीही मशीन दाखवतं त्या खोट्या वेगात, सेकंदाला 1 सेंमीची चूक, धमनीचं क्षेत्रफळ 3 चौरस सेंमी आणि ठोका 0.9 सेकंदाचा धरला, तर 2.7 मिली इथेच हलतात. म्हणून पेशंट उतरल्यावर टेबलवर फँटमची, म्हणजे चाचणीच्या पाण्याची, बाटली ठेवली, आतलं पाणी डुचमळायचं थांबू दिलं आणि दोन्ही स्लाइस त्याच जागी, त्याच सेटिंगवर पुन्हा घेतल्या. ती चूक वजा जाता 12 उरले. रिपोर्टात 12 लिहिले.