अध्यक्ष नको, खुर्च्या आणा

शनिवार, रात्री

आज गावातल्या निवृत्त लोकांचा ग्रुप काढायची मीटिंग झाली एकदाची, आणि पहिला अर्धा तास अध्यक्ष कोण ह्यातच गेला. जागा ठरली नाही, वार ठरला नाही, करायचं काय तेही ठरलं नाही, पण अध्यक्ष, कार्याध्यक्ष, खजिनदार, सल्लागार सगळी पदं तयार. जमलेले कोण तर रिटायर्ड हेडमास्तर, मामलेदार कचेरीतले हेडक्लार्क, कदंबाचे (गोव्याच्या सरकारी बसचे) कंडक्टर भाऊ, पोस्टमन काका, बँकेतले कॅशियर आणि मी, साबांखात, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्यात, अकाउंट्सला जन्म काढलेली. प्रत्येकाने आयुष्यभर एकतर कुणाच्या तरी हाताखाली काम केलंय नाहीतर कुणाला तरी हाताखाली ठेवलंय, तिसरा प्रकार आम्हाला माहीतच नाही.

मास्तर म्हणाले १ ऑक्टोबरला ज्येष्ठ नागरिक दिन असतो, युनोने १९९० साली ठरवलेला, त्याच मुहूर्तावर आमदारांना बोलवू, समई पेटवू, शाल-श्रीफळ देऊ. मी म्हटलं मास्तर, शाल नको, खुर्च्या द्या, निम्म्या लोकांना खाली बसता येत नाही. हसले सगळे, मास्तर नाही हसले. पण मला खरंच वाटतं की उद्घाटन झालं की लोकांच्या मनात काम संपतं, फोटो पेपरात येतो आणि दुसऱ्या आठवड्यात हॉलची चावी कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नसतं. हेडक्लार्क रजिस्ट्रेशनवर अडून बसले, १८६० चा सोसायटी कायदा, किमान सात सभासद, घटना, ठराव. करू की, पण आधी सात माणसं सात वेळा येऊन तरी दाखवू देत.

मूळ कल्पना माझी नव्हेच. शेजारची वयनी लेकाकडे इंग्लंडात स्विंडनला जाऊन आली (तिथे अर्धा गोवा आहे म्हणतात), तिने सांगितलं की लेकाच्या शेजारची सत्तरीची बाई दर आठवड्याला कुठेतरी इटालियन शिकायला जाते आणि तिथेच दुसऱ्यांना विणकाम शिकवते. यूथ्रीए म्हणतात त्याला, युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज. मी मग शोधून वाचलं. सुरुवात फ्रान्समध्ये तुलूझला, १९७३ साली, पिएर व्हेलास नावाच्या प्राध्यापकांनी केलेली, पण तिथे ते युनिव्हर्सिटीला जोडलेलं होतं, म्हणजे प्राध्यापक बोलणार आणि म्हातारे ऐकणार. ब्रिटनमध्ये १९८१-८२ च्या सुमारास पीटर लास्लेट, मायकल यंग आणि एरिक मिडविंटर ह्या तिघांनी ते सगळं उलटं केलं. बाहेरचा शिक्षकच नाही, सभासदांनीच एकमेकांना शिकवायचं, परीक्षा नाही, सर्टिफिकेट नाही, पगार तर नाहीच. मला हेच आवडलं. आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, चांगलं काम करतात, पण बहुतेक ठिकाणी वाढदिवस, सहल, आरोग्य शिबिर आणि डॉक्टरांचं भाषण, म्हणजे आपण पुन्हा ऐकणारेच. आणि गोव्यात माणसांची कमी नाही हो, २०११ च्या जनगणनेत साठीवरचे देशात साडेआठ टक्के होते तेव्हा आपल्याकडे अकराच्या वर होते, आता तर आणखी वाढले असणार, कुठल्याही वाड्यावर फिरून बघा.

सोमवार

वहीचं एक पान उभं दुमडून दोन रकाने केले, डावीकडे ‘मी काय शिकवू शकतो’, उजवीकडे ‘मला काय शिकायचंय’, आणि वही घरोघरी फिरवली. डावा रकाना बघता बघता भरला. मास्तरांनी एकट्यानेच गणित, संस्कृत, व्याकरण, योगासनं आणि व्यक्तिमत्त्व विकास लिहिलं, आणि उजवीकडे काय, तर ‘निरंक’. हेडक्लार्कांनी पण निरंक. पुरुषांच्या बाजूला निरंकांची नुसती रांग लागली, फक्त कंडक्टर भाऊंनी पेटी शिकायची आहे असं लिहिलं, आणि तेही पेन्सिलीने.

बायकांचं बरोब्बर उलट. शिकायचंय ते भरभरून, मोबाईलवरून वीज बिल भरणं, इंग्रजी बोलणं, स्कूटर (ही बासष्ट वर्षांची आहे, मी काही बोलले नाही), पोहणं सुद्धा. आणि शिकवायच्या रकान्यात ‘मला काय येतं, काहीच नाही’. हे लिहिणारी बाई कोण तर जी दर चवथीला अख्ख्या वाड्याच्या माटोळीचं (गणपतीच्या वर रानफळं बांधतात ती) सामान रानातून ओळखून आणते, कांगलां कुठे मिळतील, तोरिंग कुणाच्या कुळागरात आहे, कुठलं फळ बांधायचं आणि कुठल्याला हातसुद्धा लावायचा नाही, सगळं तोंडपाठ. आमच्या शिकलेल्या मुलांना त्यातली पाच नावं येणार नाहीत. तिला म्हटलं हे शिकव, तर म्हणते त्यात काय शिकवायचं असतं?

आणि एकीने तोंडावरच विचारलं, निवृत्त लोकांचा ग्रुप ना, मग आम्ही कुठे निवृत्त झालो? पेन्शन म्हणाल तर सरकारच्या दयानंद योजनेचे महिन्याला २००० रुपये, आणि काम पहिल्यासारखंच, उलट नातवंडांमुळे वाढलं. ह्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढं केलं की वेळ बदलली. पुरुषांनी सकाळी दहा ठरवली होती, पेपर वाचून, चहा-पाव झाल्यावर. दहा वाजता बायका चुलीपाशी असतात हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आता गुरुवारी साडेतीन ते पाच, दिवेलागणीच्या आत सगळ्या घरी.

जागेचं म्हणाल तर देवळाची अग्रशाळा फुकट मिळत होती, पण मग टेकडीपलीकडच्या ख्रिश्चन वाड्यावरची माणसं बिचकतील असं मला वाटलं. गावची सरकारी मराठी प्राथमिक शाळा मुलं नाहीत म्हणून बंद पडलीय, तिच्यासाठी अर्ज केलाय. आमच्यातले कितीतरी त्याच शाळेत शिकले, भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी शाळा झाल्या तेव्हाच्या पहिल्या-दुसऱ्या बॅचचे. अर्जाचं होईल तेव्हा होईल, तोवर माझ्या घराची वसरी, म्हणजे ओसरी.

गुरुवार

झालं सुरू. समई नाही, नारळ नाही, ह्यांनी फक्त एक्स्टेंशन बोर्ड लावून दिला.

पहिला विषय पेन्शनसाठी लागणारा हयातीचा दाखला, कारण तो द्यायचा नोव्हेंबर जवळ आलाय. पोस्टमन काकांची बोटं आयुष्यभर पत्रं चाळून आणि आता बागेत राबून अशी गुळगुळीत झालीत की मागच्या वर्षी मशीनवर अंगठा काही लागला नाही, दोनदा पुसून, तिसऱ्यांदा तेल लावून सुद्धा. काका म्हणतात, मी समोर उभा, आणि मशीन म्हणतं मी नाही. कॅशियरांनी मोबाईलवर चेहऱ्याने कसं करायचं ते दाखवलं, दोन ॲप लागतात, एक आधारचं चेहरा ओळखणारं आणि एक जीवन प्रमाणचं, मग पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, बँक खातं, आणि कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायचे. काका डोळे मिचकवायच्या ऐवजी गच्च मिटूनच बसले. वसरीचा उजेड पाठीमागून येत होता म्हणून खुर्ची फिरवली, चष्मा काढला, आणि झालं, म्हणजे प्रॅक्टिस झाली, खरा दाखला नोव्हेंबरात. कॅशियर जाता जाता हेही बोलले की व्हिडिओ कॉलवर अटक करणारा पोलीस जगात नसतो, अशा फसवणुकीत पैसे गेले तर १९३० ह्या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करायचा, उद्या बघू म्हटलं की पैसे पुढच्या खात्यात पळतात.

पण खरी मजा आली ती एका आजीमुळे. वय अठ्ठ्याहत्तर, पोर्तुगीज काळात सेगुंद ग्राव (प्राथमिक शिक्षणाचा दुसरा टप्पा) झालेली. ती सहज बघायला आली होती. हेडक्लार्कांकडे त्यांच्या आजोबांचा जमिनीचा एक जुना कागद, वर्षानुवर्षं पेटीत पडलेला, वकिलाला दाखवायचा राहून गेलेला. आजीने तो घेतला, उजेडाकडे धरला आणि सरळ वाचायलाच लागली, पूर्वेला कोण, पश्चिमेला कुणाचं भाट (बागायत), ओहोळ कुठून जातो. आमची सगळ्यांची मजल फॉर्म एक आणि चौदापर्यंत (आपल्या गोव्याचा सातबारा), त्याच्या आधीचं म्हणजे काळोख, आणि मामलेदार कचेरीत जन्म काढलेला माणूस वही घेऊन खाली, हो खालीच, आजीच्या पायाशी बसून ‘देश्क्रिसांव’ म्हणजे काय ते लिहून घेत होता. त्याचं निरंक मी मनातल्या मनात खोडलं. पुढच्या गुरुवारपासून आजीचा पोर्तुगीज कागद वाचायचा वर्ग, घरी जुने कागद असलेल्यांनी झेरॉक्स आणायची, ओरिजिनल नाही. आणि आजीला बदल्यात स्विंडनच्या नातीला व्हिडिओ कॉल लावायचा आहे, स्वतःच्या हाताने, सुनेला न विचारता.

मास्तर आले होते. मागे बसले, काही बोलले नाहीत. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, तो उजवा रकाना अजून उघडा आहे ना? बायको गेल्यापासून दोन वर्षं डबा खातोय, भात आणि हुमण (माशाची आमटी) एवढं तरी यायला हवं. मी बायकांत विषय काढला तर एकदम भडका, आयुष्यभर रांधलं, आता इथे येऊन पण रांधायचंच शिकवायचं? रास्तच आहे. मला स्वतःला विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं.

मग कंडक्टर भाऊंना आठवलं, ख्रिश्चन वाड्यावरचा तारवटी, बोटीवर कुक होता, तीस-चाळीस जणांचं जेवण एकट्याने काढायचा, आता दिवसभर सोप्यावर बसून असतो. संध्याकाळी दोघं जाऊन विचारून आलो. लगेच हो म्हणाला, पण अटी घातल्यात, वर्ग त्याच्याच रांदचेकुडीत (स्वयंपाकघरात) होणार, सहाच्या वर माणसं नकोत, प्रत्येकाने आपापली सुरी आणायची, आणि बायकोने घरून कापून दिलेला कांदा चालणार नाही. मास्तरांना फोन करून सांगितलं तर म्हणतात, सुरी कसली आणू, आमच्याकडे अडोळी (विळी) आहे.