घरातली ॲलर्जी आणि खिडकी नक्की कधी उघडायची: माझा अनुभव

आधीच सांगते, मी डॉक्टर वगैरे नाही, बँकेत नोकरी करते आणि ठाण्याला घोडबंदर रोडवर राहते, घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई. मला सकाळी डोळे उघडले की शिंका सुरू, एक नाही दोन नाही, ओळीने, मग नाक गळणार, डोळे चोळून लाल होणार, आणि ऑफिसात पोचून तासभर झाला की सगळं गायब. रविवारी घरी असले की मात्र दिवसभर तेच. घरात सगळ्यांनी आपापली निदानं केली, आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) दही, केळं, पेरू बंद केलं, ओव्याची पुरचुंडी झाली, वाफारे झाले. मेडिकलमधून माँटेलुकास्ट आणि लिव्होसेट्रिझिनची ती जोडगोळी आणायची, घेतली की बरं, सोडली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि त्या माँटेलुकास्टबद्दल एक सांगायलाच हवं, मूड बिघडणं, विचित्र स्वप्नं असे प्रकार होऊ शकतात म्हणून अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये त्यावर कडक इशारा छापायला लावला, तेव्हा स्वतःच्या मनाने महिनोन् महिने घ्यायची गोळी नाही ती.

शेवटी ॲलर्जी बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकात बघायच्या आधी घराबद्दलच विचारलं. बाहेरगावी गेल्यावर बरं वाटतं का, गादी किती जुनी, भिंतीला ओल आहे का, एसीच्या बाहेरच्या युनिटवर कबुतरं बसतात का. मला वाटलं कबुतरं मध्येच कुठून आली, पण विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर काही लोकांची फुप्फुसं कायमची खराब होतात, २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून एवढा गदारोळ झाला तो उगीच नाही. आमच्याकडे जाळी आहे, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

मग स्किन प्रिक टेस्ट, म्हणजे कातडीवर टोचून ॲलर्जी कशाची आहे ते बघायचं. टेस्टच्या आधी आठवडाभर ॲलर्जीची गोळी बंद ठेवायची असते नाहीतर टेस्ट खोटी निगेटिव्ह येते, आणि तो आठवडा म्हणजे काय विचारू नका, काउंटरवर बसून मास्कमध्ये शिंकत होते. टेस्ट स्वतः काहीच नाही, हाताच्या आतल्या बाजूला पेनने खुणा करतात, प्रत्येक खुणेजवळ ज्याची ॲलर्जी असू शकते अशा एकेका गोष्टीचा थेंब, त्यातून टोचल्यासारखं करतात, रक्तही येत नाही. एक थेंब हिस्टामिनचा असतो (ॲलर्जीत अंगात जे रसायन सुटतं ते), तो उठलाच पाहिजे, आणि एक साध्या सलाइनचा, तो उठता कामा नये, या दोघांवरून टेस्ट नीट झाली का ते कळतं. पंधरा-वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं, ही खरी परीक्षा. मग गांधी मोजतात, सलाइनपेक्षा तीन मिलिमीटर किंवा जास्त मोठी असेल तर पॉझिटिव्ह. माझ्या डस्ट माइटच्या दोन्ही खुणांवर भल्यामोठ्या गांधी, बुरशीतल्या एकीवर छोटीशी, आणि खाण्याचं म्हणाल तर डॉक्टर म्हणाले या लक्षणांवरून त्याची टेस्टसुद्धा करायची गरज नाही. दही परत सुरू झालं. आईंना ते अजून पटलेलं नाही.

डस्ट माइट म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, गादी-उशीत राहतात, आपल्या अंगाची झडलेली कातडी खातात, चावत नाहीत, त्रास होतो तो मुख्यतः त्यांच्या विष्ठेचा. आणि ते पाणी पीत नाहीत, हवेतला दमटपणा शोषून जगतात. हे वाक्य डॉक्टर सहज बोलून गेले पण माझ्यासाठी सगळ्यात कामाचं तेच ठरलं. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या खाली बराच काळ राहिली की ते सुकून मरतात, आणि ठाण्यात जून ते सप्टेंबर पन्नासच्या खाली आर्द्रता कोणी पाहिली आहे?

गाद्या-उश्यांना माइटप्रूफ चेनवाली कव्हरं घातली (महाग आहेत, पण पैसे वसूल झाले ते इथेच), चादरी-अभ्रे दर आठवड्याला साठ डिग्रीच्या पाण्यात, जाड पडदे काढून पातळ धुण्यासारखे लावले. मुलाचा कापडी हत्ती गरम पाण्यात घालण्यासारखा नव्हता, तर डॉक्टर म्हणाले पिशवीत बांधून दिवसभर फ्रीझरला ठेवा आणि मग साधा धुवा. हत्ती मटारच्या पिशव्यांशेजारी बघून आईंनी माझ्याकडे जे पाहिलं ते इथे लिहिता येणार नाही. जोडीला नाकाचा स्टिरॉइड स्प्रे रोज. रोज म्हणजे रोज, बरं वाटलं की सोडायचा नाही, आणि फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर नाही, बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने मारायचा, नाहीतर रक्त येतं.

आता हवेशीरपणाचं, ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले. जो तो सांगतो खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा. मी आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आणलं, पाचशे रुपयांच्या आत मिळतं, आणि जुलैत बेडरूममध्ये ठेवलं तर ८६. खिडकी सताड उघडली, तासाभराने ८९. अहो बाहेरच पाऊस, बाहेरची हवा आतल्यापेक्षा दमट, ती आत घेऊन घर कोरडं कसं होणार? आणि वर आम्ही पावसाळ्यात ओले कपडे बेडरूममध्येच दोरीवर, पंख्याखाली वाळवायचो, सगळेच वाळवतात. मशीनभर कपड्यांतून लिटर-दोन लिटर पाणी त्या खोलीच्या हवेतच जातं, म्हणजे तिथून गादीत. आता कपडे ड्राय बाल्कनीत, जास्त असतील तर बाथरूममध्ये एक्झॉस्ट लावून, बेडरूममध्ये रुमालसुद्धा नाही.

एक्झॉस्टची पण गंमत आहे. आमचा बाथरूमचा पंखा चालू असायचा पण आरसा तासभर धूसरच. उदबत्ती घरात बंद केली होती (धूर, डॉक्टरांचा आदेश), पण एक पेटवून पंख्यापासून दाराच्या फटीपर्यंत फिरवली तर धूर कुठून कुठे जातो ते स्पष्ट दिसलं. पंख्याला लागूनच लूव्हर्सच्या काचा आहेत, पंखा डक्टमधली (इमारतीतल्या पाइपांच्या उभ्या बोळातली) हवा त्या फटींतून आत ओढत होता आणि परत डक्टमध्येच फेकत होता, बाथरूमची वाफ जागच्या जागी. लूव्हर्सला ॲक्रिलिकची शीट चिकटवली, सुताराकडून दार खालून अर्धा-पाऊण इंच कापून घेतलं, म्हणजे हवा घरातून येणार आणि बाहेर जाणार. आरसा आता दहा मिनिटांत साफ. किचनमध्ये चिमणी होती, पण बिनपाइपची, म्हणजे तेल जाळीत अडकतं आणि वाफ, फोडणीचा ठसका, गॅसचा धूर सगळं परत आपल्याच तोंडावर. पाइप टाकून बाहेर काढली. चिमणी घेताना किती सक्शन हे सगळे विचारतात, पाइप कुठे जाणार ते आधी विचारा.

राहिला एसी. पावसाळ्यात झोपायच्या आधी तासभर ड्राय मोडवर लावते, मीटर पंचावन्नच्या आसपास येतं, त्याखाली जात नाही, पण शहाऐंशीपेक्षा लाखपट बरं. अडचण अशी की स्प्लिट एसी बाहेरची हवा आणतच नाही, तीच तीच हवा थंड करून फिरवतो. नवऱ्याने कुठूनतरी कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणलं, बाहेर साधारण सव्वाचारशे पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो, आणि आम्ही तिघं दार लावून झोपलो तर पहाटे दोन हजारांच्या वर. सकाळचं जड डोकं मी ॲलर्जीच्या खात्यात टाकत होते, त्यातलं थोडं याचंही असावं. आता बेडरूमचं दार वीतभर उघडं आणि आतल्या बाथरूमचा पंखा चालू, आकडा हजाराच्या जवळपास राहतो. बिल वाढतं, त्यावरून घरात चर्चा होतात, होऊ देत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उलट. हवा कोरडी, जानेवारीत दुपारी मीटर चाळिशीत, घर वाळवायचा हाच सीझन, गाद्या उन्हात टाकायचा पण हाच. पण तेव्हा बाहेर धूळ, ट्रक, मेट्रोचं काम, आणि पहाटे हवा खाली बसलेली असते त्यामुळे सगळ्यात घाण. म्हणून सकाळी खिडक्या बंद, दुपारी वारा सुटला की रस्त्याच्या उलट बाजूच्या खिडक्या आणि सेफ्टी डोअर ठेवून आतलं मुख्य दार उघडं, तेव्हा कुठे आरपार वारा येतो. मी ऑफिसला असते, हे खातं आईंकडे, आणि त्यांना माइट पटले नसले तरी वाऱ्याचं बरोब्बर कळतं.

एअर प्युरिफायर आधीच घेऊन ठेवला होता, तर सांगते, हिवाळ्यातल्या धुरा-धुळीला उपयोग होतो, पण माइटचे कण जड, गादी झटकली की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात, मशीनपर्यंत पोचतायत कशाला. मच्छरची कॉइल तर आता जिना चढूच देत नाही, एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात असं २००३ च्या एका अभ्यासात आलं होतं. खिडक्यांना जाळ्या लावल्या, काम झालं.

फरक लगेच पडला नाही. कव्हरं घातल्यावर दोन-तीन महिन्यांनी शिंका कमी झाल्या, गोळी आता कधीतरीच. इम्युनोथेरपीचं डॉक्टर म्हणालेत, म्हणजे ज्याची ॲलर्जी त्याचेच थोडे थोडे डोस देऊन शरीराला सवय लावायची, जिभेखाली थेंब, पण ती तीन ते पाच वर्षं चालते, तर हा पावसाळा बघून ठरवू. एक भिंत तेवढी राहिली आहे, वरच्या फ्लॅटच्या बाथरूमचं पाणी झिरपतं तिथे, पोपडे धरलेत आणि कपाटामागे काळी बुरशी येते, मी पुसते, ती येते. अँटिफंगल रंग लावून उपयोग नाही, आधी पाणी थांबायला हवं. सोसायटीला लेखी अर्ज दिलाय, सेक्रेटरी येऊन फोटो काढून गेलेत, आणि वरचे काका म्हणालेत की गणपतीनंतर काम काढू. कुठल्या वर्षीच्या गणपतीनंतर ते विचारायचं राहिलं.