खुर्ची उलटी केली तेव्हा

जुन्या खुर्च्या बघायला मे महिन्यासारखा महिना नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, सांधे आपोआप आवळले जातात आणि पार खिळखिळी झालेली खुर्चीसुद्धा दोन-तीन महिने शहाण्यासारखी उभी राहते. बडोद्याच्या मेमधल्या उन्हात जे सैल आहे ते सैलच दिसतं. म्हणून २०२४च्या मेमध्ये गोत्रीच्या एका बाईंचा फोन आला, तेव्हा "दुपारीच जाऊ या" असं मी म्हटलं.

आमचं वर्कशॉप दांडिया बाजारात आहे. बाबा सुतार होते. मी वेत विणते, पॉलिश करते आणि गेली बारा-पंधरा वर्षं लोकांबरोबर जुनं फर्निचर बघायलाही जाते. या बाईंनी नवीन फ्लॅट घेतला होता आणि जेवणाच्या टेबलाला सहा अँटिक खुर्च्या हव्या होत्या. व्हॉट्सॲपवर फोटो आले होते, पण सगळे समोरून. खुर्ची समोरून सगळ्यांनाच आवडते. मला ती खालून बघायची असते.

गोडाऊन फतेपुऱ्यात होतं. बाईंच्या सासूबाईही आल्या होत्या, वय ७८, गुडघे दुखरे. सुनेनं त्यांच्यासाठी आधीच एक लांब हातांची, वेताच्या पाठीची आरामखुर्ची हेरून ठेवली होती. मी सासूबाईंना म्हटलं, "बसून बघा." बसल्या छान. उठताना मात्र दोघींनी धरून उठवावं लागलं. ती खुर्ची पाय पसरून पडून राहण्यासाठी केलेली. बैठक खोल आणि मागे कललेली, समोरची कड जमिनीपासून जेमतेम १५ इंचांवर. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला हीच खुर्ची द्यायची असं प्रत्येक घराला का वाटतं कोण जाणे. त्यांना हवी १७-१८ इंच उंच बैठक, आणि हात असे की पुढे रेटून उठता येईल.

मग त्या सहा खुर्च्या. साग, कातीव (लेथवर गोल कातलेले) पाय, वेताची बैठक, पाठीला वळणदार पट्टी. पाच बिनहातांच्या, एक हातांची. "आ बधी महेलनी खुरशीओ छे, बेन," गोडाऊनवाले म्हणाले. बडोद्यात जुनी खुर्ची विकताना लक्ष्मी विलास पॅलेसचं नाव येतंच. राजवाडा १८९०मध्ये पुरा झाला, आणि त्या काळात या शहरात कचेऱ्या, शाळा, अधिकाऱ्यांचे बंगले यांच्यासाठीही सुतारांनी भरपूर काम केलं. माझ्या हाताखालून गेलेल्या चांगल्या जुन्या खुर्च्या बहुतेक अशा कचेऱ्या-बंगल्यांतल्याच होत्या. लेखी पुरावा नसेल तर राजवाड्याच्या नावाचा एक रुपयाही देऊ नये, हे मी बाईंना गाडीतच सांगितलं होतं. सहा खुर्च्यांचे ७८ हजार मागितले होते.

आधी बसून, अंग डावी-उजवीकडे झुलवून सांधे पाहिले. एक करकरली. मग आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा फिरवला. कापूस तांबूस आणि चिकट झाला, म्हणजे चपडा लाखेचं पॉलिश. आजकालचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश स्पिरिटला दाद देत नाही. सहाही खुर्च्यांवर लाखच निघाली. रंगही एकसारखा, मुरलेला. वेताकडे मी वयासाठी बघतच नाही. वेत वीस-पंचवीस वर्षांनी बदलावाच लागतो. बाई खूश होत्या, आणि खरं सांगायचं तर मीही.

मग खुर्च्या उलट्या केल्या आणि पिशवीतून जाडी मोजायचा कॅलिपर काढला. कातलेला पाय पहिल्या दिवशी अगदी गोल असतो. पण लाकूड सगळ्या दिशांनी सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या कडेने जास्त, त्यांना काटकोनात कमी. शंभर वर्षांत गोल पाय किंचित लंबगोल होतो. डोळ्याला कळत नाही, कॅलिपरला कळतं. पहिल्या खुर्चीचा पाय एका दिशेने ४५ मिलिमीटर, दुसरीकडून ४४. दुसरीचंही तसंच. तिसरी, तीच हातांची खुर्ची, कुठूनही मोजा, ४५.

पुन्हा मोजलं. चारही पाय मोजले. मग सहाही खुर्च्यांचे. तीन लंबगोल, तीन गोल.

आता नीट बघायला लागले. वेत ओवायची भोकं लंबगोलवाल्या तीन खुर्च्यांत घासून घासून आतल्या बाजूला ओढल्यासारखी झाली होती. बाकी तिघींत कडा अजून धारदार. त्या तीन जुन्यांच्या मागच्या पट्टीखाली छिन्नीने कोरलेले रोमन आकडे होते: तीन, सात, अकरा. म्हणजे कधी काळी हा निदान डझनाचा संच असणार. हातांच्या खुर्चीच्या पट्टीखाली मी टॉर्च धरला, तर पेन्सिलीने लिहिलेला देवनागरी ४.

त्या ४ची शेपटी मी लहानपणापासून बघत आले आहे. वाण्याच्या हिशोबात, माझ्या शाळेच्या वह्यांच्या कव्हरांवर, वर्कशॉपच्या भिंतीवर.

तरी खात्री नको का? बाबा डावखुरे होते. पटाशीच्या खुणा त्यांच्या कामात उलट्या बाजूला कलतात, आणि सांध्यात ठोकलेली बांबूची खुंटी ते डावीकडून कापायचे, त्यामुळे तिचा तिरपा काप इतर कारागिरांच्या उलट दिशेला उतरतो. पट्ट्या बघितल्या, खुंट्या बघितल्या. तिन्ही खुर्च्या बाबांच्या. लाकडाचं कोडंही सुटलं: पाडलेल्या वाड्यांचे सागाचे वासे ते विकत घेऊन ठेवायचे. ऐंशी-नव्वद वर्षं वाळलेलं लाकूड कातल्यावर आणखी आकसायला फारसं काही उरत नाही, म्हणून पाय गोलच राहिले. रंग तर आधीच मुरलेला.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. गोडाऊनच्या जमिनीवर, पालथ्या खुर्चीसमोर मी किती वेळ बसून राहिले ते आठवत नाही. सासूबाईंनी विचारलं, "काय गं, वाळवी लागलीय का?"

मनात पहिला विचार आला तो चांगला नव्हता. बाबांनी या जुन्या म्हणून विकायला तर केल्या नसतील? संचात तीन कमी होत्या म्हणून कुणीतरी करून घेतल्या असतील, हे उघड आहे. पण बाबा प्रत्येक कामावर आकड्याशेजारी महिना आणि साल लिहीत असत. इथे दोन खुर्च्यांवर आकड्याशेजारची जागा पॉलिशपेपरने घासलेली, फिकट. तिसरीच्या कोपऱ्यातला आधाराचा ठोकळा सैल होता. तो हलवला तर मागे स्वच्छ अक्षरात "श्रावण १९८७". घासणाऱ्याला ते दिसलं नव्हतं. कुणी घासलं ते मला ठाऊक नाही. गोडाऊनवाल्यांनी एका बंगल्यातून सगळा माल उचलला होता, आणि त्यांचा चेहरा पाहता त्यांनाही ते नवीन होतं.

मी सगळ्यांसमोर सांगितलं. तीन खुर्च्या खरंच जुन्या आहेत. तीन माझ्या बाबांनी १९८७मध्ये जोडीला करून दिलेल्या आहेत. आपल्याकडच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची अट आहे, आणि अँटिक शब्दाचा भाव मागायचा तर तीच मोजपट्टी लावावी. या तिघींना ३७ वर्षं झालीत. हव्या तर व्हिंटेज म्हणा.

बोलताना आवाज जरा कापरा झाला होता. बाबांच्या कामाची किंमत मी स्वतः कमी करत होते.

जुन्यांतल्या एकीच्या मागच्या पायात, सागाच्या बाहेरच्या फिकट भागात, भोकं होती. खाली काळा कागद धरून टिचकी मारली तर पांढरं पीठ पडलं. म्हणजे कीड बहुधा जिवंत होती. औषध भरून, पोखरलेला भाग काढून नवा तुकडा बसवावा लागणार. करकरलेलीचा सरस, म्हणजे सुतारांचा जुन्या पद्धतीचा गोंद, सुटला होता. तो गरम पाण्याने विरघळवून सांधा पुन्हा जोडता येतो, आणि म्हणूनच जुन्या खुर्चीत कुणी फेविकॉल भरला असेल तर मला वाईट वाटतं. पुढच्या दुरुस्तीला तो सांधा सहसा लाकूड न फाडता उघडत नाही. या सगळ्यासकट भाव ५१ हजारांवर आला.

बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, तुम्ही आमच्या जागी असतात तर बाबांच्या तीन सोडून दिल्या असत्या का?" मी म्हटलं, मला विचारू नका, मला नीट सांगता येणार नाही. सासूबाईंना बसवून बघा.

सासूबाई हातांच्या खुर्चीत बसल्या. तळवे दोन्ही हातांच्या टोकांवर आले, पाय जमिनीला टेकले, बैठक साडेसतरा इंच. एकदा उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. कुणी धरलं नव्हतं. "हीच," त्या म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

सहाही खुर्च्या महिनाभर वर्कशॉपमध्ये होत्या. वेत सगळ्यांचा नवा केला, भोकाभोकातून हाताने ओवून. एका बैठकीला मला अडीच-तीन दिवस लागतात. बाबांच्या खुर्च्या मी शेवटी घेतल्या. घासलेल्या दोन जागांवर बाईंना विचारून पेन्सिलीने पुन्हा लिहिलं, श्रावण १९८७. त्याखाली वेताचा महिना आणि साल, ज्येष्ठ २०२४, माझ्या अक्षरात. माझ्या ४ला तशी शेपटी येत नाही.