उचलणं सोपं, हातात देणं अवघड

चाव्यांचा जुडगा खाली पडतो. कुत्रा धावत जाऊन तो तोंडात धरतो, परत येतो आणि व्हीलचेअरपासून वीतभर अंतरावर टाकून शेपूट हलवत उभा राहतो. बघणारे खूश होतात, पण खुर्चीतल्या माणसाचं काम काही झालेलं नसतं. ज्याला वाकताच येत नाही, त्याला वीतभर काय आणि दहा फूट काय!

म्हणून सहाय्यक कुत्र्याला 'आण' शिकवताना सुरुवात शेवटाकडून करावी. आधी वस्तू तोंडात धरणं, मग ती हातात देणं, त्यानंतर धरून चालणं आणि सगळ्यात शेवटी जमिनीवरून उचलणं. चेंडू फेकून सुरुवात केली की कुत्र्याला पळण्याची गोडी लागते, देण्याची नाही. ती सवय मोडण्यात जितका वेळ जातो, तितक्यात नवा धडा बसतो.

साहित्य फार लागत नाही. लॅब्रडॉरच्या आकाराच्या कुत्र्यासाठी साधारण अडीच सेंटीमीटर जाडीचा, 12-15 सेंटीमीटर लांबीचा गुळगुळीत लाकडी दांडा, क्लिकर (अंगठ्याने दाबल्यावर 'टक्' वाजणारी छोटी डबी; तो आवाज म्हणजे कुत्र्याला 'बरोबर, आता खाऊ') आणि अर्ध्या वाटाण्याएवढे खाऊचे तुकडे. हा खाऊ रोजच्या जेवणातून वजा करावा. वजन वाढलं की त्याचा भार सांध्यांवर येतो. ट्रेनरने खुर्चीत बसूनच शिकवावं. उभ्या माणसाकडून शिकलेल्या कुत्र्याला बसलेल्या माणसाच्या हाताची उंची नवीन वाटते आणि शिकवलेलं निम्मं पुसलं जातं.

दांडा कुत्र्याच्या नाकासमोर 5 सेंटीमीटरवर धरा. हुंगला की क्लिक, लगेच खाऊ. मग नाक टेकवल्यावरच क्लिक, मग तोंड उघडल्यावर, मग दात मिटल्यावर. दांडा तोंडात कोंबायचा नाही. दात मिटायला लागले की वेळ वाढवायची, पण सरळ चढत्या क्रमाने नाही: 1 सेकंद, 2, 1, 3, 2, 5, पुन्हा 2. दर वेळी आधीपेक्षा अवघडच होत गेलं की कुत्रा कंटाळून निघून जातो. एक बैठक 3 ते 5 मिनिटांची, दिवसातून दोन-तीन वेळा. 10 पैकी 8 वेळा जमलं की पुढची पायरी. 5 वेळाच जमलं तर एक पायरी मागे.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे चघळणं. कुत्रा दांडा धरतो, पण जबडा सतत हलत राहतो. त्याला दोष देण्याआधी आपला अंगठा तपासावा. क्लिक अर्ध्या सेकंदाने उशिरा पडला, तर नेमका चघळण्याच्या क्षणी पडतो आणि कुत्रा चघळायलाच शिकतो. वेळ निम्म्यावर आणा आणि जबडा स्थिर असतानाच क्लिक करा. खाऊ दुसऱ्या हातात दिसत असेल तरी लाळ सुटून जबडा हलतो. तो पाठीमागे ठेवा. पिल्लू 4 ते 7 महिन्यांचं असेल तर दात बदलत असतात, हिरड्या दुखतात. तेवढे दिवस हा धडा बंद ठेवावा.

आता खरी मेख. धरायला शिकलेल्या कुत्र्याकडे हात नेला की तो वस्तू खाली टाकतो. कारण साधं आहे: हात आला की क्लिक होतो, खाऊ मिळतो, असं त्याने मनात पक्कं केलेलं असतं. म्हणजे आपला हात हाच नकळत 'सोड'चा इशारा झालेला असतो. यावर उपाय म्हणजे हात पुढे न्यायचा, दांड्याला बोट लावायचं, पण घ्यायचं नाही. तरीही कुत्र्याने धरून ठेवलं की क्लिक. दहापैकी निदान पाच वेळा हात नुसताच जाऊन परत यावा. 'सोड' हा शब्द वेगळा शिकवायचा आणि तो ऐकल्यावरच तोंड उघडायचं. ज्याची बोटं नीट मिटत नाहीत, त्याला पकड बसायला चार-पाच सेकंद लागू शकतात. तेवढा वेळ कुत्र्याने वस्तू तळहातावर टेकवून थांबायला हवं.

वस्तू मध्येच पडली तर ट्रेनरने वाकून उचलायची नाही, हा एक नियम मोडला तर बाकी सगळं वाया. गप्प बसावं, पाच-सहा सेकंद वाट पाहावी. बहुतेक कुत्रे स्वतःच पुन्हा उचलतात, आणि त्या उचलण्याला नेहमीपेक्षा जास्त खाऊ द्यावा. नाहीच उचललं तर मागची पायरी कच्ची आहे असं समजावं.

जमिनीवरून उचलणं यानंतर पटकन येतं. दांडा आधी 30 सेंटीमीटर उंचीच्या स्टुलावर, मग उंची कमी करत फरशीवर.

रोजच्या वस्तूंचं मात्र प्रत्येकीचं वेगळं गाऱ्हाणं असतं. धातू दाताला लागलेला कुत्र्यांना आवडत नाही, म्हणून चाव्यांना कापड गुंडाळून दर काही दिवसांनी ते कमी करत न्यायचं. नाहीतर सरळ जुडग्याला जाड कापडी पट्टा कायमचा लावावा, त्यात कमीपणा काही नाही. मोबाइलच्या कव्हरलाही तसाच पट्टा. सपाट कार्ड गुळगुळीत फरशीवर नाकाने पुढेपुढे सरकतं. ते भिंतीला टेकवून उचलण्याची युक्ती वेगळी शिकवावी लागते. नाणी आणि गोळ्या शिकवूच नयेत. नाणं गिळलं जातं, आणि माणसाच्या कितीतरी वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला विषारी असतात. गोळी पडली तर 'नको' म्हटल्यावर मागे हटणं, एवढंच त्याचं काम.

देण्याची जागाही माणसागणिक ठरते. हात उचलता येत नसेल तर वस्तू मांडीवर ठेवून घ्यावी, पण कुत्र्याने पुढचे पंजे मांडीवर टेकवू नयेत. मज्जारज्जूच्या इजेमुळे पायांत संवेदना नसेल तर नखाचा ओरखडा कळतच नाही आणि जखम चिघळते. मोटरवर चालणाऱ्या व्हीलचेअरला जॉयस्टिक, म्हणजे ती चालवायची दांडी, ज्या बाजूला असेल, त्याच्या उलट बाजूनेच कुत्र्याला यायला शिकवायचं, आणि घेण्याआधी खुर्ची बंद. डोक्याचा एक धक्का लागला तर खुर्ची कुत्र्याच्याच पंजावर चढते.

शेवटी सोपवणी, म्हणजे शिकलेला कुत्रा ज्याच्यासाठी तयार केला त्या माणसाच्या हाती देणं. नव्या माणसाचा उच्चार अस्पष्ट असेल तर कुत्रा ट्रेनरच्या 'आण'ची वाट पाहत बसतो. अशा वेळी त्या माणसाचा आवाज किंवा खूण आधी, सेकंदभर थांबून ट्रेनरचा जुना शब्द नंतर. हा क्रम उलटा झाला तर कुत्रा जुन्या शब्दावरच निघतो, नव्या खुणेकडे लक्षही देत नाही. काही दिवसांत तो जुन्या शब्दाआधीच हलायला लागतो. तिथून ट्रेनरने तोंड बंद ठेवायचं आणि खोलीबाहेर जायचं.