आमची वाटचाल: पाण्यात काय उरतं?

आमचा धंदा हॉट टब, म्हणजे बसून शेकायचे गरम पाण्याचे जेटवाले टब, विकण्याचा नाही. टब दुसरे विकतात, बसवून देतात, हात मिळवतात आणि जातात. काही आठवड्यांनी पाणी गढूळ झालं, जेट लावल्यावर फेस यायला लागला, झाकण उघडताच नाकात वास गेला, की मालकाला आमचा नंबर सापडतो. पाणी राखणं हे आमचं काम आणि ते आम्ही पहिल्यापासून नीट केलंय.

सुरुवात दोघांनी केली. माझा भागीदार पंप आणि वायरिंगचा माणूस, गळती कुठे आहे ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. मी पाण्याचा. पहिली कमाई हातात आली तेव्हा त्याला ड्रिल हवं होतं, मी ठिबक किट घेतलं, म्हणजे थेंब मोजून पाण्यातलं क्लोरीन तपासायचं. पाण्यात बुडवून रंग बघायच्या पट्ट्यांवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता. दहा मिलिलिटर पाणी घ्यायचं, चिमूटभर डीपीडी पावडर टाकायची, क्लोरीन असेल तर गुलाबी रंग येतो. मग दुसऱ्या औषधाचा एकेक थेंब सोडत नळी हलवत राहायचं, रंग पूर्ण जाईपर्यंत. प्रत्येक थेंब म्हणजे अर्धा पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग) क्लोरीन. साध्या रंग-जुळणीच्या डीपीडी किटमध्ये एक गोची आहे. क्लोरीन फार जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकतो आणि उडून जातो. मालकाला वाटतं क्लोरीन शून्य, म्हणून तो आणखी टाकतो. असे टब मी पाहिलेत, ज्यांत उतरलेल्यांच्या पोहण्याच्या कपड्यांचे रंग गेले होते आणि मालक शपथेवर सांगत होता की पाण्यात क्लोरीन टिकतच नाही.

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग ती कंपनी आली. नाव लिहीत नाही, फुकटची जाहिरात कशाला? त्यांची पेटी देखणी होती: आत ओझोन वायू बनवून पाण्यात सोडणारा ओझोनेटर, सोबत चांदी-तांब्याचं कार्ट्रिज, आणि वर ठळक अक्षरांत ‘रसायनमुक्त’. क्लोरीन नको, वास नको, मोजमाप नको. गिऱ्हाइकाला आणखी काय हवं असतं?

ओझोन वाईट आहे असं मी कधीच म्हटलं नाही. जंतू मारण्यात तो क्लोरीनपेक्षा तेज आहे. पण तो बुडबुडा जिथून जातो तिथेच काम करतो, आणि ३८-४० अंशांच्या पाण्यात तर लगेच विरून जातो. यूव्ही दिव्याचंही तेच, दिव्यासमोरून जे पाणी गेलं तेवढंच शुद्ध. चांदी मारते, पण सावकाश. टबात चार माणसं एकमेकांना खेटून बसलेली, पाणी जेमतेम हजार-बाराशे लिटर. घाम, तेल, क्रीम सगळं त्याच क्षणी पाण्यात. तेव्हा पाण्यातच काहीतरी हजर हवं: क्लोरीन किमान ३ पीपीएम किंवा त्याच्याच जातीचं ब्रोमीन किमान ४, आणि पीएच ७ ते ७.८. हे नसेल तर स्यूडोमोनास नावाचा जंतू कपड्याखालच्या कातडीवर लाल पुरळ उठवतो, आणि लीजनेला हा दुसरा जंतू जेटच्या तुषारांतून थेट फुप्फुसात जाऊ शकतो.

हे सगळं मी गिऱ्हाइकांना सांगत होतो, आणि ती एकेक करून जात होती. वार्षिक सर्व्हिसचे करार तुटले. गोडाऊनमध्ये डायक्लोरचे, म्हणजे क्लोरीनच्या दाणेदार पावडरीचे, डबे पडून, पुरवठादाराने उधारी बंद केली. भागीदार म्हणाला, आपणही तीच पेटी विकू. मी नाही म्हटलं. तो गेला, आणि गेला तोही त्याच कंपनीत. जाताना ठिबक किट घेऊन गेला. माझं किट. अजून परत आलेलं नाही.

त्या दिवसांत टिकून राहिल्या त्या एक मॅडम. निवृत्त शिक्षिका, पाण्याचे आकडे वहीत लिहिणाऱ्या. त्यांना क्लोरीनचा वास सोसत नसे, म्हणजे त्या पेटीचं हक्काचं गिऱ्हाईक. पण त्यांना मी आधीच ब्रोमीनवर नेलं होतं. भरताना सोडियम ब्रोमाइड, मग प्रत्येक वापरानंतर क्लोरीन नसलेला शॉक, म्हणजे त्या ब्रोमाइडचं ब्रोमीन करणारी पावडर. माणसांच्या घामाशी संयोग झाल्यावर क्लोरीन मंदावतं आणि तोच तो उग्र वास. ब्रोमीन मात्र तशा रूपातही काम करत राहतं. उन्हात ते टिकत नाही, पण त्यांच्या टबावर झाकण असायचंच. कंपनीचा सेल्समन त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “यंत्र बंद असताना पाण्यात काय उरतं?” तो परत आला नाही. मॅडमनी मात्र ओळखीतली घरं एकामागून एक आमच्याकडे पाठवली. त्या वर्षी दुकानाचं शटर उघडं राहिलं ते त्यांच्यामुळे.

मग बाकीचेही आले. कुणाला पुरळ, कुणाच्या पाइपांतून चिकट साय सुटायला लागलेली. पाइप साफ करायचं औषध फिरवून, सगळं पाणी काढून पुन्हा भरावं लागलं. “तुमचं बरोबर होतं” असं एकही जण म्हणाला नाही. त्या कंपनीच्या नव्या माहितीपत्रकात आता तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय, थोडं क्लोरीन ठेवावं. ‘रसायनमुक्त’ वर तसंच ठळक.

विचारलं नाहीत तरी सांगतो. रोज वापरणार असाल तर डायक्लोरने सुरुवात करा, पण कायम त्यावर राहू नका. दर १० पीपीएम क्लोरीनमागे ते ९ पीपीएम सायन्युरिक ॲसिड (क्लोरीनला उन्हात टिकवणारं रसायन) मागे ठेवतं, आणि ते साचलं की क्लोरीन सुस्तावतं. हे ॲसिड ३० पीपीएमला पोचलं की साध्या, बिनसुगंधी द्रव क्लोरीनवर या. मिठाची सिस्टीम हवी तर घ्या, पण ती क्लोरीन किंवा ब्रोमीनच बनवते हे समजून घ्या. पाणी जड असेल तर सेलवर, म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या भागावर, क्षार बसतो, तो काढायची तयारी ठेवा. ओझोन ब्रोमीनच्या जोडीला लावा, वापरलं गेलेलं ब्रोमाइड तो पुन्हा कामाला लावतो. बिग्वानाइड हे क्लोरीन नसलेलं जंतुनाशक घेतलंत तर क्लोरीन-ब्रोमीनचा डबा घरातून बाहेर काढा, त्यांचं जमत नाही.

आणि ट्रायक्लोरच्या, म्हणजे हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या, गोळ्या आमच्याकडे मागू नका. स्विमिंग पूलवाले देतील, स्वस्तही पडतील. टबात त्या पीएच खाली ओढतात, हीटर खातात, तळाशी चिकटल्या की तिथे पांढरा डाग कायमचा. कॅल्शियम हायपोक्लोराइट या दुसऱ्या क्लोरीन पावडरीला लावलेला चमचा चुकून त्यांच्या डब्यात गेला तर आग लागू शकते, स्फोटही होऊ शकतो. आम्ही त्या ठेवतच नाही.