आमची वाटचाल : वाळूतल्या पोलीस गाड्या आणि ग्रांटची कागदं

आम्ही दोघं, म्हणजे मी आणि माझी बायको, कॅलिफोर्नियात पोलिसांच्या ऑफ-रोड गाड्या सजवून देतो. सजवून म्हणजे लाइटबार (छतावरची दिव्यांची पट्टी), सायरन, रेडिओ, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), जखमी माणसाला आडवं नेता येईल अशी मागची जागा, हे सगळं. सुरुवात घरच्या गॅरेजमधून झाली, तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे सुट्टीत ड्यून्सवर, म्हणजे वाळूच्या टेकड्यांवर, जाणारी हौशी मंडळी. मग एक दिवस एका शेरीफ ऑफिसचे (म्हणजे काउंटीच्या पोलिसांचे) डेप्युटी साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी दोन सीटची छोटी ऑफ-रोड गाडी, घेऊन आले, म्हणाले गाडी ग्रांटमधून, सरकारी अनुदानातून, मिळालीय पण पुढच्या सामानाचे पैसे कोणी मागितलेच नव्हते, बसेल तेवढं बसवून द्या.

आम्ही बसवलं आणि पहिली ठेच तिथेच लागली. हौशी माणूस गाडी पळवतो, पोलीस मात्र ती तासन्‌तास एका जागी उभी ठेवतात, इंजिन आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू), दिवे चालू, रेडिओ चालू, आणि आयडलला या गाड्यांचं चार्जिंग अगदीच कमी. काही रात्रींतच वाळूत बॅटरी बसली आणि तिच्याबरोबर रेडिओही गेला. माणूस सुखरूप परत आला, पण काळोखात एकटा, मदत मागायची सोय नाही, हे ऐकून बायकोला दोन दिवस जेवण गेलं नाही. तेव्हापासून दुसरी बॅटरी आणि आयसोलेटर (एक बॅटरी उतरली तरी दुसरी उतरू न देणारा भाग) लावल्याशिवाय एकही गाडी आमच्या दारातून बाहेर पडलेली नाही. रेडिओची बॅटरी वेगळी म्हणजे वेगळी, त्यात तडजोड नाही.

पण खरं दुखणं वायरिंगचं नव्हतं, अर्जाचं होतं. इथे राज्याचा ऑफ-रोडचा कायदा १९७१ चा, ग्रांटचा पैसा येतो पेट्रोलवरच्या टॅक्समधून आणि ऑफ-रोड गाड्यांच्या नोंदणीतून, म्हणजे वाळूत फिरणाऱ्यांचाच पैसा त्यांच्या सुरक्षेला परत येतो, आणि मला ही गोष्ट मनापासून पटते. त्या ग्रांटमधला २० टक्के वाटा कायदा-सुव्यवस्थेसाठी ठरलेला आहे. अर्ज आधी कच्चा जातो, तो लोकांना वाचायला खुला असतो, कोणीही त्यावर मत देऊ शकतं, मग पक्का. आता हा अर्ज लिहितो कोण, तर बऱ्याचदा ऑफिसातला असा माणूस जो स्वतः वाळूत कधी उतरलेला नाही. तो लिहितो "दोन गाड्या". ट्रेलर नाही, सीव्हीटीचे, म्हणजे बेल्टवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक गिअरचे, जादा बेल्ट नाहीत (वाळूत बेल्ट तापून तुटतो, हे काय नवीन नाही), टेकडीपलीकडून गाडी दिसावी म्हणून लावायचा ८ फुटी काठीवरचा झेंडा नाही, चालवायचं ट्रेनिंग नाही. सायलेन्सरचा आवाज मोजायचं मीटरसुद्धा नाही, आता १९८६ पासूनच्या गाड्यांना इथे ९६ डेसिबलची मर्यादा आहे आणि नळकांड्यापासून २० इंचांवर मीटर धरून तो मोजायचा असतो, मग मीटरच नसेल तर डेप्युटींनी काय कानाने मोजायचं?

म्हणून आम्ही अर्जाच्या आधीच बोलायला लागलो. कोणी फोन केला की पहिला प्रश्न, गाडी रात्री किती तास उभी राहणार? दुसरा, ती तिथपर्यंत नेणार कशावरून? लोकांना ते आवडायला लागलं, काम वाढलं, गॅरेज सोडून मोठी जागा घेतली, दोन मुलं कामाला ठेवली.

आणि मग दुसरी ठेच, पहिलीपेक्षा मोठी. एका ऑफिसला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, पैसा मिळणार होता. त्यांनी विचारलं तसं मी बसून अख्खं स्पेसिफिकेशन, म्हणजे काय-काय कसं हवं याचा तपशील, लिहून दिलं, कुठली वायर किती जाडीची इथपर्यंत, तीन रविवार गेले त्यात. टेंडर निघालं तेव्हा कळलं की आम्हाला भरताच येणार नाही. फेडरल ग्रांटचा नियम स्पष्ट आहे, ज्याने स्पेसिफिकेशन तयार केलं त्याला त्याच खरेदीच्या स्पर्धेतून बाहेर ठेवायचं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही वाचलं नव्हतं. राग आला, खूप आला, पण नियम बरोबर आहे, उद्या माझ्याजागी दुसरा कोणी स्वतःच्याच मालाला फिट बसेल असं लिहून देईल तर बाकीच्या छोट्या दुकानदारांनी जायचं कुठे.

आता आमचं असं ठरलंय. किमतींची यादी आणि कुठलं सामान कशासाठी लागतं याची चार पानं सगळ्यांना सारखीच देतो, मागेल त्याला. स्पेसिफिकेशन लिहायला कोणी सांगितलं तर आधीच विचारतो, सल्ला हवाय का काम, दोन्ही मिळणार नाही. एक गोष्ट मात्र प्रत्येकाला सांगतो, फेडरल पैसा बजेटमध्ये आधीच धरलेल्या खर्चाच्या जागी वापरता येत नाही, त्याला सप्लँटिंग म्हणतात, त्यात अडकलात तर पैसे परत करायची वेळ येते.

पैशाचं चक्र अजूनही जड जातं. बहुतेक ग्रांट खर्च झाल्यावर परतफेड करतात, म्हणजे आधी ऑफिसने भरायचं, आणि ऑफिसचं बिल लांबलं की आमचे हप्ते तटतात. म्हणून आता सामानाचे पैसे ऑर्डरबरोबर मागतो, मजुरी डिलिव्हरीला. दोन ऑफिसांनी नाही म्हटलं, बाकीच्यांनी दिले.

ते पहिले डेप्युटी अजून येतात. परवा आले तेव्हा नव्या अर्जाची कच्ची प्रत घेऊन आले होते, गाडी एकच मागितली होती, पण ट्रेलर, सहा बेल्ट, मीटर, दुसरी बॅटरी आणि चार जणांचं ट्रेनिंग सगळं होतं त्यात. बायकोने ती दोनदा वाचली.